सव्वापाचचा गजर

गेल्या वर्षी आमच्या घरात पहाटे सव्वापाचला गजर वाजत असे आणि जिच्यासाठी तो लावलेला असे, ती सोडून बाकी सगळे घर जागे होई. लेक तेव्हा नववीत होती. संध्याकाळचा क्लास साडेआठला सुटायचा, जेवण साडेनऊला व्हायचे, मग गृहपाठ आणि मग फोन; अंथरुणाला पाठ टेकायला पावणेबारा वाजायचे. म्हणजे झोप जेमतेम साडेपाच तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते.

सासूबाई 'लवकर निजे, लवकर उठे' ऐकवत आणि मी तिला आळशी म्हणून मोकळी होई. त्या शब्दाबद्दल मला आता वाईट वाटते, कारण मुले वयात येताना झोपेची गरज फारशी घटत नाही. ती येण्याची वेळ मात्र पुढे सरकते. अंधार पडल्यावर मेंदूत स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात उशिरा, कधी कधी दोन तासांपर्यंत उशिरा वाढू लागते. त्यामुळे नऊ वाजता दिवा मालवला तरी बहुतेक मुले छताकडे पाहत पडून राहतात. शिवाय स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त असते, म्हणजे पहाटेचा गजर नेमका तिच्यावरच घाला घालतो.

आमची सगळ्यात मोठी चूक रविवारची होती. 'आठवडाभर दमली आहे, झोपू दे बिचारीला' म्हणून आम्ही तिला साडेअकरापर्यंत उठवत नसू. रात्री ती एकपर्यंत टक्क जागी असे आणि सोमवारची सकाळ रडारडीने सुरू होई. शरीराच्या घड्याळाच्या दृष्टीने हे दर आठवड्याला परदेशी जाऊन परतण्यासारखेच होते. आता रविवारीही साडेसातला उठायचे ठरले आहे. उठल्यावर दुधाचा पेला घेऊन ती गॅलरीत बसते, कारण हे घड्याळ मागे आणायला सकाळच्या उजेडासारखा उपाय नाही. शाळेतून आल्यावर पाचपर्यंत ताणून देण्याची सवयही मोडली. जेवून पंचवीस मिनिटे डुलकी, बस्स. अभ्यासासाठी रात्री नऊला मीच करून देत असलेली कॉफी दुपारी तीननंतर बंद केली, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात असतो, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवे होते.

फोनवरून व्हायचे ते भांडण झालेच. 'बाबा झोपताना बातम्या बघतात ते चालतं का?' या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. अखेर रात्री साडेनऊला चारही फोन स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारच्या प्लगजवळ जाऊ लागले. सर्वांत जास्त कुरकुर तिच्या बाबांनी केली.

एवढे करूनही वेळ पुरत नव्हता, तेव्हा आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. शाळा स्कूटरवरून दहा मिनिटांवर, पण व्हॅनकाका सगळ्यांत आधी आमच्याकडे यायचे आणि लेक पाऊण तास अख्ख्या उपनगराची प्रदक्षिणा करीत शाळेत पोहोचायची. आता सकाळी मीच सोडते. गजर पावणेसहावर गेला. क्लासच्या सरांना विनंती करून साडेसातला सुटणारी बॅच मिळवली. त्यामुळे जेवण साडेआठला होते आणि दहाच्या सुमारास डोळा लागतो. तरीही झोप पावणेआठ तासच होते.

उरलेला वेळ आमच्या हातात नाही, तो शाळेच्या सात वाजताच्या घंटेत अडकला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदा करून बहुतेक हायस्कुले साडेआठच्या आधी भरू नयेत असे ठरवले आणि २०२२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आपल्या राज्य शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, पण तो पूर्वप्राथमिक ते चौथीच्या वर्गांपुरता. लहान मुले निदान रात्री लवकर झोपतात. ज्यांचे घड्याळ पुढे सरकले आहे, ती मोठी मुले नेमकी त्यातून सुटली. पालकसभेत मी हे मांडले, तेव्हा एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, दुपारी प्राथमिकचे वर्ग असतात, असे उत्तर मिळाले. अडचण खरी आहे. मी सत्रांची अदलाबदल सुचवली आहे. त्यावर पुढच्या सभेत बोलू, असे मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आहेत.