पीतज्वराची पत्रं वाचायला शार्लट्सव्हिलला

व्हर्जिनियात मुलं-नातवंडं असलेल्या मराठी मंडळींची शार्लट्सव्हिलची सहल ठरलेली असते. सकाळी मॉन्टिसेलो (राष्ट्राध्यक्ष जेफरसनचं घर), दुपारी एखादी वायनरी, ऑक्टोबर असेल तर शेनान्डोआची रंगलेली झाडं आणि रात्री जेवायला घरी. आम्हीही मॉन्टिसेलो पाहिलं, म्हणजे ह्यांनी पाहिलं. मी तो वेळ युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाच्या वैद्यकीय ग्रंथालयात काढला. डॉ. फिलिप हेंच यांनी जमवलेला, पीतज्वराच्या संशोधनाचा पत्रव्यवहार तिथे जपून ठेवला आहे. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, त्यामुळे असल्या कागदांचं मला वेड आहे. पण लॅबशी काही संबंध नसलेल्यांनाही दिवस सत्कारणी लागला असं वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीतज्वर म्हणजे यलो फीवर. केनियाच्या सफारीला जाऊन आलेल्यांना लस टोचल्याचं ते पिवळं कार्ड माहीत असतं. ते कार्ड नसताना साथीच्या देशातून भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात आणि तिथे कोणाची ओळख चालत नाही. कारण साधं आहे. हा रोग पसरवणारा एडीस इजिप्ती डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यू तोच देतो. पीतज्वराचा विषाणू मात्र अजून आशियात रुजलेला नाही. डास चावल्यापासून साधारण तीन ते सहा दिवसांत आजार दिसतो, म्हणून ते सहा दिवस. हा डासच खरा गुन्हेगार, हे १९०० साली क्युबात हवानाजवळ सिद्ध झालं, आणि ते सिद्ध करणाऱ्यांची पत्रं शार्लट्सव्हिलला आहेत.

हवानाची पत्रं व्हर्जिनियात कशी आली? अमेरिकी लष्कराच्या पीतज्वर मंडळाचे प्रमुख मेजर वॉल्टर रीड याच विद्यापीठातून १८६९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी डॉक्टर झाले. हेंच हे मेयो क्लिनिकचे संधिवाताचे डॉक्टर, कॉर्टिसोनच्या कामासाठी १९५० चं नोबेल मिळालेले. पीतज्वराशी त्यांचा धंद्याचा काहीच संबंध नव्हता. पण १९३० च्या दशकात त्यांना या गोष्टीचा नाद लागला, तो सुटलाच नाही. त्या प्रयोगांतली हयात माणसं, वारलेल्यांच्या बायका, मुलं, सगळ्यांना ते वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले आणि मिळेल तो कागद जमवत गेले. १९६५ मध्ये ते वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी मेरी यांनी हा संग्रह रीड यांच्या विद्यापीठाला दिला.

आता पहिला सल्ला. या संग्रहाचा फार मोठा भाग स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. तेव्हा 'पत्रं वाचायची' एवढ्यासाठी जाऊ नका, ती घरी चहा पीत वाचा. जायचं ते प्रश्न घेऊन. मूळ कोणतं आणि नंतर केलेली नक्कल कोणती, शाई, कागद, समासातल्या खुणा, एका फोल्डरमध्ये कशाशेजारी काय ठेवलंय, हे स्क्रीनवर कळत नाही. घरी यादी चाळून फोल्डरांचे क्रमांक टिपा आणि निदान दोन आठवडे आधी 'हिस्टॉरिकल कलेक्शन्स' विभागाला ईमेल करून वेळ ठरवा. 'पीतज्वराबद्दल जे काही असेल ते दाखवा' असं लिहिलंत तर समोरचा माणूस हसून ऑनलाइन यादीची लिंक पाठवेल.

वाचनकक्षाचे नियम कुठल्याही दप्तरखान्यासारखेच. बॅग बाहेर, पेन नाही, फक्त पेन्सिल, एका वेळी एकच फोल्डर आणि पानांचा क्रम हलवायचा नाही. फोनने फ्लॅशशिवाय फोटो घ्यायचे असतील तर आधी विचारा. एसी कडक असतो, स्वेटर न्या. बाईंनी (तिथल्या अर्काइव्हिस्ट, फार गोड स्वभावाच्या) मला पहिलाच प्रश्न केला, "तुम्हाला १९०० हवंय की १९४०?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण संग्रहाचे खरोखरच हे दोन थर आहेत.

१९०० चा थर आधी सांगते. मंडळात चौघं होते: रीड, जेम्स कॅरल, जेसी लझीर आणि अरिस्टिडीस आग्रामोंते. डासाची कल्पना त्यांची नव्हे. हवानाचे डॉ. कार्लोस फिनले १८८१ पासून ती मांडत होते आणि लोक त्यांना हसत होते. मंडळाला डासांची अंडीही फिनलेंनीच दिली. अडचण वेळेची होती. पीतज्वराच्या रोग्याला चावलेला डास लगेच रोग देत नाही, विषाणूला डासाच्या अंगात मुरायला दहा-बारा दिवस लागतात. घरातला पहिला रोगी आणि पुढचे रोगी यांच्यात साधारण दोन आठवड्यांचं अंतर पडतं, हे हेन्री रोझ कार्टर यांनी १८९८ मध्ये मिसिसिपीतल्या खेड्यांत नोंदलं होतं. त्यांचेही कागद याच संग्रहात आहेत. ऑगस्टमध्ये लझीर यांनी आधी ज्यांना डास चावू दिले त्यांना काहीच झालं नाही. मग २७ ऑगस्टला कॅरल यांना जो डास चावला, तो बारा दिवसांपूर्वी एका गंभीर रोग्यावर बसलेला होता. कॅरल मरता मरता वाचले.

रीड तेव्हा वॉशिंग्टनमध्ये होते. कॅरल सुधारताहेत ही तार आल्यावर त्यांनी ७ सप्टेंबरला लिहिलेलं पत्र जरूर मागा. सुरुवातीला शाळकरी पोरासारखा 'हिप हिप हुर्रे' आहे. आणि मागच्या बाजूला, बाकीचं सगळं सांगून झाल्यावर, एकच प्रश्न: हे डासानं केलं का? त्यात 'केलं' हे क्रियापद ठळक मोठ्या अक्षरांत आहे. मित्र जगला याचा आनंद आणि शास्त्रज्ञाची अधीरता एकाच कागदाच्या दोन बाजूंना. संशोधनाच्या निबंधात हे कधी छापून येत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीचं, ८ सप्टेंबरचं, लझीर यांचं बायकोला लिहिलेलं पत्र आहे. आपण खऱ्या जंतूच्या मागावर आहोत असं वाटतंय, पण इतक्यात कोणाला चकार शब्द काढायचा नाही, मी कोणाला सांगितलेलं नाही, असा त्यातला मजकूर. बायको अमेरिकेत, नुकतीच बाळंत झालेली. २५ सप्टेंबरला लझीर पीतज्वराने वारले, चौतिसाव्या वर्षी. त्या मुलीला त्यांनी पाहिलंच नाही. त्यांच्या तापाचा तक्ताही जपलेला आहे. आयुष्यभर असले तक्ते भरले, पण हा हातात धरून फार वेळ बसवलं नाही मला.

मग नोव्हेंबरमध्ये हवानाशेजारच्या मारियानाओजवळ तंबू ठोकून लझीर यांच्याच नावाची छावणी उभी राहिली. तिथले प्रयोग बहुतेकांना माहीत असतात. एका खोलीत रोग्यांच्या घाणेरड्या चादरी-कपड्यांत तिघं वीस रात्री झोपले, कोणीही आजारी पडलं नाही. दुसऱ्या खोलीत मधोमध जाळी, एका बाजूला डास. डासांच्या बाजूला गेलेला जॉन मोरान ऐन नाताळच्या दिवशी तापाने पडला, जाळीपलीकडचे ठणठणीत.

इथे थांबून संमतीपत्र वाचा. स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, तारीख २६ नोव्हेंबर १९००, सही देणारा अंतोनिओ बेनिग्नो नावाचा स्पॅनिश स्थलांतरित. जिवाला धोका आहे हे मला समजलं आहे, पण या बेटावर राहून हा रोग टाळणं तसंही अशक्य, तेव्हा इथेच उत्तम उपचारांत झालेला बरा, असा युक्तिवाद त्याच्याच तोंडी घातला आहे. मोबदला १०० डॉलर, सोन्याच्या नाण्यांत, आणि रोग झाला तर आणखी १००. छावणी सोडून गेल्यास उरलेले पैसे बुडाले. हे संमतीपत्र वैद्यकीय नीतीच्या इतिहासात मैलाचा दगड मानलं जातं, आणि त्या काळात लेखी संमती घेणं ही मोठीच गोष्ट होती. तरी नुकत्या बोटीतून उतरलेल्या गरीब माणसापुढे सोनं ठेवून 'तुझी मर्जी' म्हणणं मला काही निर्मळ वाटलं नाही. किसिंजर आणि मोरान या दोन अमेरिकन स्वयंसेवकांनी पैसे नाकारले, त्यांची नावं पुस्तकांत आली. पैसे घेणाऱ्या स्पॅनिश पोरांची नावं शोधायला फोल्डर उघडावा लागतो.

रीड यांनी ३१ डिसेंबरच्या रात्री, जुनं शतक संपायला दहा मिनिटं उरली असताना बायकोला लिहिलेलं पत्र सगळे उद्धृत करतात. सुंदर आहे, पण ते ऑनलाइन वाचा. तुमचा मौल्यवान वेळ १९४० च्या थराला द्या.

कारण खरी मजा तिथे आहे. १९२९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या प्रयोगांत सहभागी झालेल्यांना सुवर्णपदक आणि महिना १२५ डॉलर पेन्शन दिली. आता यादी आली म्हणजे यादीत नसलेले आले. कोण खरा स्वयंसेवक, कोण नुसता नर्सिंगला होता, पहिला कोण, डासाने आधी कोणाला चावलं, यावरून म्हातारपणी जे रामायण झालं ते हेंच यांच्या पत्रव्यवहारात पानोपान आहे. किसिंजर एक सांगतात, मोरान दुसरं. लष्करी डॉक्टर ट्रूबी तिसरंच. रीड यांच्या कन्या ब्लॉसम वडिलांच्या बाजूने, फिनले यांचे पुत्र त्यांच्या वडिलांच्या बाजूने. हेंच सगळ्यांना सौजन्याने, चिकाटीने, प्रश्नांमागून प्रश्न पाठवत राहतात. लझीर यांचा जीव घेणारा डास त्यांना चुकून चावला की त्यांनी मुद्दाम चावू दिला, हा प्रश्न तर ते सोडतच नाहीत. अधिकृत उत्तर अपघात. त्यांना ते पटत नव्हतं. मलाही नाही. डास हाताळणारा माणूस हातावर बसलेला डास न हाकलता पोटभर पिऊ देतो, याला लॅबमध्ये कोणी अपघात म्हणत नाही.

यातली सगळ्यात वाचनीय गोष्ट म्हणजे छावणीच्या जागेचा शोध. छावणी नेमकी कुठे होती हेच लोक विसरले होते. मोरान पुढे हवानातच तेल कंपनीत होते. त्यांच्यासह हेंच यांनी १९४० मध्ये सान होसे नावाच्या शेतावर ती जागा शोधली, आणि घाणेरड्या चादरींची ती पहिली खोली तिथे चक्क उभी होती! १९५२ मध्ये क्युबाने तिचं स्मारक केलं. हे फोल्डर क्रमाने वाचा, मधली पत्रं गाळू नका.

जाण्यायेण्याचं. वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवरून अॅमट्रॅकने अडीच ते तीन तास लागतात. उत्तर व्हर्जिनियातल्यांनी अलेक्झांड्रिया किंवा मनॅससला चढावं. शार्लट्सव्हिल स्टेशन वेस्ट मेन स्ट्रीटवर आहे, तिथून हे वैद्यकीय ग्रंथालय (नाव क्लॉड मूर) चालत पंधरा-वीस मिनिटांवर, हॉस्पिटलच्या बाजूला. गाडीने रूट २९ सरळ पडतो, पण हॉस्पिटलच्या आवारात पार्किंग शोधताना डोकं फिरतं, त्यापेक्षा गाडी लांब लावून चाला किंवा शहराची बस घ्या, तिला तिकीट नाही. जेवायला 'कॉर्नर' नावाच्या विद्यार्थ्यांच्या गल्लीत जा. बोडोजचे बेगल स्वस्त आणि शाकाहारींची सोय उत्तम. आम्ही मेथीचे ठेपले नेले होते, ते बाहेर बाकावर बसून संपवले. ग्रंथालयात खाणं काढू नका. कॉर्नरच्या समोरच विद्यापीठाची घुमटाची इमारत रोटुंडा आणि तिच्यापुढचं लॉन आहे, अर्ध्या तासात बघून होतं.

बरोबरच्या माणसाला यात रस नसेल तर त्याला खुशाल मॉन्टिसेलोला पाठवा. ह्यांना परत आल्यावर मी सांगितलं की रीड यांचे मित्र, लष्करी डॉक्टर जेफरसन रँडॉल्फ कीन हे मॉन्टिसेलोवाल्या जेफरसनचे वंशज, आणि त्यांचे कागदही याच संग्रहात आहेत. "मग मी तिकिटाचे पैसे उगाच भरले," हे यावर त्यांचं उत्तर.

दुसरा दिवस हाताशी असेल तर परतताना आर्लिंग्टनच्या दफनभूमीत रीड आणि कॅरल दोघांच्याही कबरी आहेत, मेट्रोने जाता येतं.

आणि न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्यांनी गोष्टीचा पुढचा भाग गाठावा. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत असिबी नावाच्या रोग्याच्या रक्तातून विषाणू वेगळा झाला. त्यापासूनच मॅक्स थायलर यांनी १९३७ पर्यंत १७डी लस केली. आजही तीच टोचतात. हे काम रॉकफेलर फाउंडेशनचं. पीतज्वरातून वाढलेल्या त्यांच्या विषाणू कार्यक्रमातूनच १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर निघालं, आजची आपली एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हा पुण्याच्या लोकांना पहिली धास्ती पीतज्वराचीच वाटली होती. निघाला क्यासानूर फॉरेस्ट डिसीज, गोचिडांचा. फाउंडेशनची कागदपत्रं स्लीपी हॉलोच्या रॉकफेलर आर्काइव्ह सेंटरमध्ये आहेत. ग्रँड सेंट्रलवरून हडसन लाइनने टॅरीटाउनला उतरायचं, पुढे टॅक्सी. तिथेही आधी लिहून वेळ घ्यावी लागते, आणि मागणी नोंदवताना पुण्याचं स्पेलिंग जुनं, 'पूना' असंच शोधा.