गावाचं घड्याळ

छोट्या शहरात पहिल्यांदा गेलं की माझी नजर आधी मनोऱ्यावरचं घड्याळ शोधते. जुनी कचेरी, ग्रंथालय, नगरभवन वगैरे नंतर. वर बघायचं, लगेच मनगटावर बघायचं आणि दोघांत कोण खोटं बोलतंय ते ठरवायचं. बहुतेकदा वरचंच बोलत असतं. तरी ओशाळायला होतं ते मलाच. एवढी दगडी इमारत, एवढे मोठाले काटे, म्हणजे चूक आपलीच असणार!

खरं तर या घड्याळांना सुरुवातीला काटेच नव्हते. इंग्लंडातल्या सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये १३८६ च्या सुमाराचं एक घड्याळ आहे. त्याला तबकडीसुद्धा नाही. ते नुसते ठोके देतं, मोजायचे आपण. पुढे तबकड्या आल्या, पण काटा एकच, तासाचा. मिनिटाची कोणाला पडली होती? शिवाय यंत्रही तेवढं भरवशाचं नव्हतं. १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने लंबकाचं घड्याळ तयार केलं, चाल सुधारली आणि मग मिनिटकाटा मिरवायला लागला. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात टेकडीवर जो घड्याळाचा मनोरा आहे, तिथला तासकाटा लांब आणि मिनिटकाटा आखूड आहे. तासकाटा आधीचा, लांबून दिसावा म्हणून मोठा केलेला. मिनिटकाटा मागाहून आला. मोठ्याला हलवणार कोण? धाकट्याने आखूड व्हायचं. नवख्या माणसाची गाडी चुकली तर चुकली.

गाडीवरून आठवलं. पूर्वी सूर्य डोक्यावर आला की त्या गावाचे बारा वाजायचे, शेजारच्या गावाशी जुळवून घ्यायचं कारणच नव्हतं. रेल्वेने ही मौज संपवली. इंग्लंडातल्याच ब्रिस्टल शहराची वेळ लंडनच्या मागे, सुमारे दहा मिनिटं. म्हणून तिथल्या जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीवरच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे आहेत, एक लंडनचा आणि एक गावचा. १८५२ मध्ये ब्रिस्टलने लंडनची वेळ मान्य केली, पण आजही दोन्ही काटे तिथे फिरताना दिसतात. हरलो तरी आमचे बारा आमच्याकडे आहेत, हा बाणा मला फार आवडतो.

माल्टात तर काही चर्चना दोन घड्याळं असतात आणि त्यातलं एक मुद्दाम चुकीचं. सैतानाला प्रार्थनेची नेमकी वेळ कळू नये म्हणून, असं सांगतात. हे वाचल्यापासून बंद पडलेल्या घड्याळांबद्दलही मी जरा सबुरीने बोलतो.

चालू घड्याळाचा त्रास मात्र रात्री कळतो. अशाच एका मुक्कामी खिडकीसमोरच मनोरा होता. तासाला तासाइतके ठोके आणि अर्ध्या तासाला एक, असा त्याचा रिवाज. मध्यरात्रीनंतर कधीतरी जाग आली ती एका ठोक्याने. साडेबारा असतील, एक असेल किंवा दीड. पुढच्या ठोक्याची वाट पाहत पडून राहिलो. अर्ध्या तासाने तोही आला. एकच.