कूलरवाल्याचा नंबर आहे का कोणाकडे?

होळी आटोपली की नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न येतो म्हणजे येतोच. कोणीतरी काकू विचारतात, आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत जे दोन-तीन नंबर पडतात ना, त्यातल्याच कोणाचा तरी सीझन होतो, बाकीचे दुकानात बसून पंप पुसतात. आमचा धंदा कूलरचा. दादा काम करतो, म्हणजे ताट्या (कूलरच्या बाजूंच्या, पाण्याने भिजणाऱ्या वाळ्या-गवताच्या जाळ्या) बदलणं, पंप, मोटर, टाकी गळत असेल तर तीही, आणि मी फोन, स्टेटस, इन्स्टा, गूगल हे सगळं सांभाळतो. ओळखीचे बरेच जण विचारून राहिले की तुम्ही मार्केटिंग कसं करता, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

आधी रील्सचं सांगतो कारण सगळ्यांना त्याचंच कौतुक. आम्ही पण रील टाकतो. वर्षभराची धूळ बसलेली ताटी बाहेर काढायची, टाकीतलं काळं पाणी ओतायचं, खाली शेवाळाचा थर, मग धुतलेली टाकी, नवीन वाळा आणि पहिल्यांदा पंप सुरू केल्यावर ताटीवरून उतरणारं पाणी. लोकांना हे बघायला जाम आवडतं. व्ह्यूज येतात, कमेंटा येतात, पण कुठून? भिलाई, इंदूर, पाटणा. 'भैया रेट क्या है'. अरे बाबा, मी पाटण्याला ताटी बदलायला येऊ का? त्रिमूर्तीनगरातल्या ज्या माणसाचा कूलर खडखड करतोय तो रील बघून फोन करत नाही, तो शेजाऱ्याला विचारतो. तरी मी रील बंद केले नाहीत, कारण शेजाऱ्याने नंबर दिल्यावर माणूस आधी आमचं पेज उघडून बघतो की हे खरंच काम करतात की नाही. तेवढ्यापुरतं ते कामाचं आहे.

यावर कोणीतरी डॉली चायवाल्याचं उदाहरण देतंच, आपल्या सदरचा माणूस, फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्ससोबतचा व्हिडिओ आला आणि जगभर नाव झालं. मान्य. पण त्याचे व्हिडिओ त्याआधीपासून फिरत होते आणि ते चहा प्यायला आलेली माणसं, व्लॉगर लोकं काढत होती. म्हणजे तेही एकाने दुसऱ्याला दाखवलेलंच झालं. आणि चहाचं कसं, बघितलं, आवडलं, गेलो, प्यायलो. कूलरवाल्याला घरात घ्यावं लागतं. भर दुपारी, घरात आजी-आजोबा एकटे, आणि दोन अनोळखी माणसं बेडरूमच्या खिडकीपर्यंत जाणार. तिथे व्ह्यूज कोण बघतं, 'आमच्याकडे पण हेच येतात, चांगली पोरं आहेत' एवढं कोणीतरी म्हणायला लागतं.

म्हणून माझं सगळं डोकं एकाच गोष्टीत लागतं, की ज्याला आपलं नाव सांगायचं आहे त्याला ते पटकन सांगता आलं पाहिजे. लोकांना सांगायची इच्छा असते हो, पण नंबर सापडत नाही. फोनमध्ये 'कूलरवाला' नावाने चार नंबर असतात, त्यातला चांगला कोणता आणि मागच्या वर्षी अॅडव्हान्स घेऊन गायब झालेला कोणता, हेच कळत नाही. तर काम झालं, पैसे स्कॅन करून आले की मी तिथल्या तिथे कॉन्टॅक्ट पाठवतो, 'कूलर भाऊ मनीषनगर' या नावाने, आणि समोरच्याला सेव्ह करायला सांगतो. यात माझाही स्वार्थ आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. होळीच्या आठवडाभर आधी 'ताट्या आल्या, बुकिंग सुरू' असा मेसेज टाकून काही होत नाही म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

कूलरवर स्टिकर पण लावतो. नंबर, आणि खाली पेनने ताट्या बदलल्याची तारीख. पूर्वी सगळे मागच्या बाजूला लावायचे, ते पाण्याने आणि उन्हाने एका सीझनमध्ये जातं. आम्ही आतल्या बाजूने, स्विचच्या वर लावतो. पाहुणे आले, हवा गार लागली, 'कोणाकडून केलं हो?' विचारलं की काकू नुसतं बोट दाखवतात.

सोसायटीच्या ग्रुपवर आपण स्वतः जाहिरात टाकायची नाही, हे माझं स्पष्ट मत. अॅडमिन काढतो ते वेगळंच, पण वाटतंही हपापल्यासारखं. त्याऐवजी सकाळी सातला स्टेटस: 'आज बेसा, मनीषनगर साइडला आहोत.' बस. फोटो नको, ऑफर नको. नऊच्या आत दोन-चार रिप्लाय असतात, 'मग जाता जाता आमच्याकडे पण येऊन जा भाऊ.' आणि तोच स्टेटस स्क्रीनशॉट मारून कोणीतरी ग्रुपवर टाकतं. मी काहीच केलेलं नसतं.

ग्रुपच्याही आधीचा ग्रुप म्हणजे बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला. कोणत्या फ्लॅटमध्ये काय बिघडलंय हे त्याला मालकाच्या आधी कळतं. चौकीदार, नळवाला, हार्डवेअरचं दुकान, हे सगळे तसेच. इस्त्रीवाल्या भाऊंच्या घरचा कूलर दादा दरवर्षी फुकट करून देतो. कमिशन देऊ केलं तर त्यांनी घेतलं नाही, म्हणाले मग लोकं माझ्या शब्दावर विश्वास ठेवतील का. हे वाक्य मी पेड कोलॅब मागायला आलेल्या एका इन्फ्लुएन्सरला ऐकवलं होतं. त्याला पैसे पण पाहिजे होते आणि 'पेड' असं लिहायचंही नव्हतं.

गूगलची गोष्ट वेगळी. तिथून येणारा ग्राहक बहुतेक पुण्या-बंगळुरूत बसलेला मुलगा असतो, आई-बाबा इथे एकटे, त्याला शेजारी माहीत नाहीत. तो रिव्ह्यू नीट वाचतो. म्हणून मी लोकांना 'फाइव्ह स्टार द्या' म्हणत नाही, म्हणतो एरिया आणि काय काम केलं तेवढं लिहा. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट गूगलला चालत नाही, आणि एकाच दिवशी पडलेले वीस 'नाइस सर्व्हिस' बघून कोणालाही शंका येईलच.

आणि उलटं पण तेवढ्याच वेगाने फिरतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे, पारा ४५ च्या वर, आणि तुम्ही 'येतो' म्हणून गेला नाहीत, तर संध्याकाळपर्यंत तीन ग्रुपवर तुमचं नाव. 'कधी येऊन राहिले भाऊ?' असा तिसरा फोन येण्याआधीच मी सरळ सांगतो की आज जमत नाही, परवा. लोकं चिडतात, पण दुसऱ्याला नंबर देताना 'शब्दाचा पक्का आहे' हे पण सांगतात.

आमचा सगळ्यात जास्त फिरलेला मेसेज मात्र धंद्याचा नव्हताच. उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, विदर्भात दरवर्षी अशा बातम्या येतात. तर मी चार ओळी लिहिल्या होत्या: पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, अर्थिंग तपासून घ्या, ओल्या हाताने पत्र्याला हात लावू नका, पोरांना जवळ खेळू देऊ नका. खाली बारीक अक्षरात आमचा नंबर. आधी वाटलं नंबर टाकू की नको, भीतीवर धंदा केल्यासारखं होईल. पण अर्थिंग कोण तपासून देणार हे लोकं विचारणारच होते, म्हणून राहू दिला. तो मेसेज आता नातेवाइकांच्या ग्रुपमधून फिरून दर एप्रिलमध्ये मलाच परत येतो, कधी वर गुलाबाचं फूल लावून.

दादा सध्या शेवटी सात वेळा ७ असलेला एक व्हीआयपी नंबर घ्यायचा म्हणून मागे लागलाय, पण म्हणूनच त्याला मी ठाम नाही म्हटलंय. जुना नंबर किती कूलरवर चिकटलाय आणि किती फॉरवर्डमध्ये फिरतोय याचा हिशोब कोणाकडेच नाही. कंपनी बदलायची तर पोर्ट कर म्हटलं, आणि ७७७ एवढाच आवडला असेल तर घे, वहिनीला दे.