पुळणीवरची मर्यादवेल

कोकणातल्या रुंद पुळणीवर भरतीच्या रेषेच्या थोडे वर, जिथे ओली वाळू संपून कोरडी, भुसभुशीत वाळू सुरू होते, तिथे मर्यादवेलीचे हिरवे जाळे पसरलेले असते. किनाऱ्यावरच्या वनस्पतींपैकी मला सर्वांत जवळची वाटते ती हीच.

तिचे शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-कॅप्री. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ साली तिला कॉन्व्हॉल्व्ह्युलस या प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवले होते. पुढे १८१८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी तिला आयपोमियात आणले. रताळे आणि नाळीची भाजी तिच्याच प्रजातीतली, तर पाने नसलेली पिवळी अमरवेलसुद्धा तिच्याच, म्हणजे हरिणपदी कुळातली आहे.

कोरडी वाळू दिवसा तापते, पाणी धरून ठेवत नाही आणि वाऱ्याबरोबर सतत जागा बदलते. शिवाय समुद्राचे खारे तुषार वरून येतच असतात. अशा जागी मर्यादवेलीचे सोटमूळ खोल उतरते आणि खोड सरपटत कित्येक मीटर लांब जाते. त्याच्या पेरांना मुळे फुटत असल्याने वेलीचा काही भाग वाळूखाली गाडला गेला, तरी गाडलेली पेरे मुळे धरतात, शेंडा पुन्हा वर निघतो आणि पानांशी अडलेली वाळू हळूहळू साचत जाते. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांची सुरुवात बहुधा अशीच होते.

आपट्यासारखी दुभंगलेली पाने जाड आणि तुळतुळीत असतात. देठ तोडला की पांढरा चीक येतो. कडक उन्हात पानाचे दोन्ही भाग मध्यशिरेवर वर मिटतात, त्यामुळे थेट ऊन कमी लागते. देठ पानाला मिळतो तिथे नीट पाहिले, तर दोन बारीक ग्रंथी दिसतात. त्यांतून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या येतात आणि त्यांच्या वावरामुळे पाने खाणाऱ्या किडींना अटकाव होतो.

फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. गुलाबी-जांभळ्या नरसाळ्याचा गळा गडद असतो आणि जुळलेल्या पाच पाकळ्यांच्या मध्यावरचे पट्टे मिळून एक तारा उमटतो. आत पाच पुंकेसर असतात, पण त्यांची लांबी सारखी नसते आणि त्यांच्या तळाशी दाट लव असते. मधमाश्या आणि मोठे काळे भुंगे मधासाठी थेट आत शिरतात, तेव्हा त्यांच्या अंगाला पराग लागतात. ही ये-जा फार महत्त्वाची आहे, कारण या वेलीला स्वतःच्या परागांनी सहसा फळ धरत नाही. एकाच बीपासून पसरलेला ताटवा कितीही मोठा असला, तरी त्याला दुसऱ्या वेलीचे पराग लागतातच.

बोंडात साधारण चार बिया असतात, तपकिरी लव असलेल्या आणि टणक. कवचातून पाणी आत शिरत नाही आणि बी तरंगते, म्हणून प्रवाहाबरोबर महिनोन्‌महिने वाहत जाऊनही तिची रुजण्याची क्षमता टिकते. वाळूत घासून कवच झिजले की मगच ती पाणी शोषते. जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर ही वेल आढळते, त्यामागे या बीची घडण आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९१ साली इंडो-मलायी किनाऱ्यांवरच्या वनस्पतींचे वर्णन करताना वाळूवरच्या एका संपूर्ण वनस्पतिसमूहाला हिचेच नाव दिले. १८८३ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकाने उजाड झालेल्या इंडोनेशियातल्या क्राकाटोआ बेटाच्या किनाऱ्यावर पुन्हा रुजलेल्या सुरुवातीच्या वनस्पतींमध्येही ती होती.

आपल्याकडे किनाऱ्यांच्या सुशोभीकरणात मात्र हीच वेल रान म्हणून उपटली जाते, याचे मला फार वाईट वाटते. वेलीत अडकलेला प्लास्टिकचा कचरा हाताने वेचता येतो. त्यासाठी यंत्र फिरवून पेरांसकट सगळे खरवडून काढण्याची गरज नसते. जिथे ती आधीच उखडली गेली आहे, तिथे पावसाळ्याच्या तोंडावर जवळच्याच पुळणीवरून दोन-चार पेरांची कांडी आणून वाळूत आडवी पुरावी आणि मुळे धरेपर्यंत त्या जागेवरून गाड्या जाऊ देऊ नयेत.