ब्रेक झाकला, केबल नडली

अमेरिकेत सायकलचे पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. 2012 ला सर्व्हेलो कंपनीच्या पी-फाइव्ह सायकलवर मागुरा कंपनीचे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे रिम ब्रेक आले आणि टाइम ट्रायलवाल्या (एकट्याने घड्याळाशी शर्यत लावणाऱ्या) सगळ्यांनाच वाऱ्यापासून ब्रेक लपवायची घाई सुटली, आम्हालाही. साध्या कॅलिपरचे, म्हणजे चाकाला चिमटा घेणाऱ्या ब्रेकचे हात, स्प्रिंग, बोल्ट सगळं फोर्कपुढे (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांपुढे) उघड्यावर असतं, आमच्यात ते एका चपट्या कव्हरखाली. दिसायला एकदम भारी.

टेस्टिंग मूर्सव्हिलला, नॉर्थ कॅरोलायनात. नॅस्कार या कार रेसिंगच्या टीम्सचं गाव, तिथला ए-टू विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून टेस्ट घ्यायचा बोगदा, तासावर भाड्याने मिळतो, म्हणजे रिक्षाचा मीटर पडतोय आणि आपण बोल्ट शोधतोय. सायकल स्टँडवर घट्ट बसवलेली, चाकं फिरती, खाली वाऱ्याची ओढ ग्रॅममध्ये मोजणारा तराजू, वारा ताशी 48 किमी. मग सायकल 5, 10, 15 अंशात वळवून परत तेच, कारण रस्त्यावर वारा नाकासमोरून थोडाच येतो. वर माणूस मुद्दामच बसवला नाही, निम्म्याहून जास्त ड्रॅग (हवेची ओढ) त्याचाच असतो, त्याने नुसती मान हलवली तरी ब्रेकचा फरक त्यात बुडून जातो. आमचं भांडण ग्रॅमवर होतं. या स्पीडला 10 ग्रॅम ओढ म्हणजे साधारण 1.3 वॉट. हसू नका, टाइम ट्रायलवाले यासाठी खिसा रिकामा करतात.

पहिलं रीडिंग आलं, नवा ब्रेक साध्यापेक्षा किंचितच बरा. साहेबांचं तोंड उतरलं. टनेलचा ऑपरेटर म्हातारा माणूस, चहाचा मग हातात, तो काचेतून बघत म्हणाला, ‘ब्रेकचं सोड रे, ती केबल बघ.’

हँडलवरून निघून कव्हरमध्ये शिरणारी केबलची कमान, तीही अगदी समोर. गोल नळी म्हणजे हवेच्या दृष्टीने फार वाईट आकार, मागे नुसते भोवरे. 5 मिलिमीटर जाड, वीतभर हाउसिंग (केबलवरचं आवरण) त्या वाऱ्यात आडवं आलं की गणिताने 12 ग्रॅमच्या आसपास जातात. मेकॅनिकने केबलच काढून टाकली, परत रन घेतला, आकडा झकास खाली! सगळे खूष. मग मी म्हणलं, साध्या ब्रेकची पण काढून बघा की. काढली, तर तोही जवळपास तेवढाच खाली. कव्हरची कमाई तीच, किंचित.

आता मार्केटिंगवाल्याचं सुरू, ब्रोशरमध्ये केबलशिवायचाच आकडा टाकू. अरे पण केबलशिवाय ब्रेक लागतो कसा? त्यावर तो म्हणतो, ‘टनेलमध्ये कुठे थांबायचंय!’ मेकॅनिक एवढा हसला की हातातली अ‍ॅलन की खाली पडली.

मग केबल स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) मागून दाबून आत घेतली, आकडा सुधारला, पण वळणं इतकी आवळ की पार्किंगमध्ये चालवून पाहिली तर लिव्हर हँडलला टेकतोय तरी सायकल निवांत पुढे चाललीये. मेकॅनिक म्हणाला, मी तरी ही उतारावर चालवणार नाही. वळण थोडं मोकळं केलं, त्यात मिळवलेले निम्मे ग्रॅम गेले, आणि ब्रोशरमध्ये शेवटी तोच केबलसकटचा आकडा छापला, मार्केटिंगवाला दोन आठवडे माझ्याशी बोलत नव्हता.