कुठल्या दवाखान्यात?

बुधवार, रात्री साडेदहा

एवढंच विचारलं होतं मी. "कुठल्या दवाखान्यात आहे बाळ?" चार शब्द. सकाळपासून तेच डोक्यात घुमतायत.

अक्कांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला साडेसातला. दीड वर्षाचं बाळ, चंदगडकडचं, एसएमए, म्हणजे स्नायूंचं बळ कमी कमी होत जाणारा जन्मजात आजार झालाय, 16 कोटींचं इंजेक्शन लागणार, वेळ कमी आहे, आपला माणूस समजून मदत करा आणि पुढे पाठवा. खाली एक नंबर. नऊपर्यंत सगळ्यांनी पाठवून झालेलं. कुणी पाचशे, कुणी हजार, पुण्याच्या भाचीनं दोन हजार. त्याखाली माझा प्रश्न. आणि त्याच्याखाली अक्का: "देवाच्या कामात हजेरी काय घेऊलीस गं? द्यायचं नसेल तर देऊ नकोस की."

मग ग्रुप गप्प. ह्यांनी वाचलं असणार, कारण चहा पिता पिता फोन उपडा ठेवला. बोलले काही नाहीत.

वाईट वाटलं. खूप वाटलं. बत्तीस वर्षं शाळा केली. कुणाला चपला घेऊन दिल्या, कुणाच्या सहलीचे पैसे भरले, कधी घरात सांगितलं नाही. आणि आज पाचशे रुपयांवरून मी चिक्कू ठरले, तेही ज्यांच्याबरोबर एका चुलीवर पंधरा वर्षं भाकऱ्या भाजल्या त्यांच्याकडून. नाना आजारी होते तेव्हाचं तर मी... जाऊ दे.

मी विचारलं ते पैशासाठी नव्हतं. दातांमुळे विचारलं.

पहिलीचा वर्ग इतकी वर्षं माझ्याकडे होता. जूनमध्ये पोरं येतात तेव्हा दात सगळे जागच्या जागी असतात. वर्ष सरता सरता एकेकाच्या तोंडात खिडकी पडायला लागते. पडलेला दात वहीच्या कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवायची, "बाई, माझा पडला." फोटोतल्या पोराचे खालचे पुढचे दोन दात नाहीत. वरचा एक तिरका झालाय, हलत असणार. सहा वर्षांचा तरी असेल. उशीला टेकून नीट बसलाय, हाताला सलाईनची सुई, पट्टीवर निळ्या पेनानं तारीख घातलेली, ती वाचता येत नाही. एसएमएचा जो सगळ्यात वाईट प्रकार, त्यात बाळाला आधाराशिवाय बसताही येत नाही. आणि हे इंजेक्शन अमेरिकेत 2019 साली मंजूर झालं तेच दोन वर्षांखालच्या मुलांसाठी.

असे सगळे मेसेज खोटे असतात असंही नाही. 2021 साली मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी खरोखर एवढे पैसे उभे केले, केंद्र सरकारनं आयात शुल्क आणि जीएसटी माफ केला, इंजेक्शन आलं. ते मी रोज पेपरात वाचत होते. म्हणून तर सरळ "खोटं आहे" म्हटलं नाही. दवाखाना विचारला. दवाखान्याचं नाव कळलं की पुढचं विचारता येतं. दाखल आहे का, सरकारी आरोग्य कार्ड चालतं का, पैसे थेट दवाखान्याच्या खात्यावर भरता येतील का. धाकट्यानं मागे शिकवलेलं. संस्था असेल तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, जिथं संस्थांची नोंद असते, नाव बघ, देणगीवर आयकरात सूट मिळते तो 80जीचा नंबर माग, पावती घे. एका माणसाच्या आजारपणाला दिलेल्या पैशाला 80जी नसतंच, तिथं दवाखान्यालाच फोन लाव.

दुपारी त्या नंबरवर पैसे पाठवायला गेल्यासारखं केलं. नाव आलं कुठल्याशा एंटरप्रायझेसचं. फोन लावला तर एक मुलगा म्हणाला, "आधी पाठवा, स्क्रीनशॉट टाका, मग माहिती देतो." ठेवून दिला.

संध्याकाळी सूनबाईनं तिच्या शाळेच्या कन्नड ग्रुपवरचं दाखवलं. तोच फोटो, तीच पट्टी, तोच तिरका दात. त्यात पोरगा बैलहोंगलचा झालेला. "नम्म हुडुग," आमचा पोरगा. मराठी माणसाला मराठी मुलुखाचा, कन्नड माणसाला कन्नड मुलुखाचा. तिथंही तासाभरात सगळ्यांनी हात जोडलेले. मला रागापेक्षा रडूच आलं. ह्या पोराच्या आईनं तो फोटो कधीतरी भावाला नाहीतर बहिणीला पाठवला असेल, आज बसलाय, आज खाल्लं म्हणून.

अक्कांना हे सगळं लिहून पाठवायला घेतलं होतं. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा पुसलं. पाठवलं असतं तर मी जिंकले असते, आणि अक्कांनी महिन्याच्या पेन्शनमधून दिलेले हजार रुपये गेले हे त्यांना सगळ्यांसमोर कळलं असतं. उद्या फोन करीन. दुपारी, त्या एकट्या असतात तेव्हा.

पण दवाखाना विचारण्यात चुकले का, हे राहतंच. दिवसभर हेच चाललंय. आणि फिरून फिरून रामदुर्गची ती बाई आठवते.

2019 चा ऑगस्ट. आमच्या कणकुंबीला उगवते तेव्हा ओढ्याएवढी असणारी मलप्रभा तिकडे रामदुर्गला घराघरात शिरली होती. इथून खानापुरातून आम्ही टेम्पो भरला. तेव्हा मीच पुढे होते, मीच गल्लीत हाक दिली, जुने कपडे द्या म्हणून. कुणाला काही विचारलं नाही. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात पोचलो तर आमच्याआधी आलेल्या कपड्यांचा ढीग छातीएवढा, खालून भिजलेला, वास मारणारा. त्यात जरीचा शालू होता, कोट होते, एक टायसुद्धा होता. आमच्या पिशव्या आम्ही त्यावरच ठेवल्या. एक बाई आली, माझ्याच वयाची, ओला पदर पिळत. तिनं पिशव्या उघडून हात घालून बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "परकर?" कन्नडमध्येही परकरच म्हणतात, त्यामुळे कळलं नाही असं म्हणायलाही जागा नव्हती. सव्वाशे साड्या नेल्या होत्या आम्ही. परकर एकही नाही. मी म्हटलं, आम्हाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "यारू केळलिल्ल." कुणी विचारलंच नाही.

रागावून म्हणाली नव्हती. नुसती सांगत होती. नंतर तिनं बायकांना बोलावून यादीच सांगितली, परकर, खराटे, ब्लीचिंग पावडर, काडेपेट्या. दुसरा टेम्पो त्या यादीवर गेला.

आज अक्कांचं वाचून मला तिचंच ते वाक्य आधी आठवायला हवं होतं. आठवलं संध्याकाळी. मधले दहा तास उगाच कुढत घालवले.

दिवे लावून झाल्यावर मागच्या मावशींकडे गेले. काकांचं डायलिसिस आठ महिने चाललंय, आठवड्यातून दोनदा बेळगाव. सरकारी दवाखान्यात फुकट होतं, त्यामुळे माझ्या मनात ते प्रकरण मिटलेलं होतं. दारातच विचारलं, "मावशी, काय कमी पडतंय का?" त्या आधी नको नको म्हणाल्या. मग खुर्ची पुढे केली, बसल्या, पदरानं हात पुसले आणि हिशेब करायला लागल्या. "माझं तिकीट फुकट, बायकांना असतंय ते शक्ती योजनेचं. ह्यांचं तेवढं काढावं लागतंय. जाताना काय नाही गं. येताना चक्कर येतीया, बसमधनं उतरून घरापर्यंत चालवत नाही. तवा रिक्षा बघावी लागते. कधी दोनशे मागतोय, कधी येतच नाही."

मधे एक भिंत. आठ महिन्यांत मी भाजी दिली, ताक दिलं, हे विचारलं नाही.

कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याशी बोलून ठेवलंय. माझ्याच वर्गात होता. सोमवार आणि गुरुवार, दीड वाजता स्टँडवर थांबायचं, पैसे महिन्याला माझ्याकडून न्यायचे. उद्या गुरुवार. सकाळी सातची गाडी आहे त्यांची.

फोटो अजून फोनमध्ये आहे. पुसायला हात होत नाही. केव्हाचा आहे कोण जाणे. त्या पोराला आता नवे दात आले असतील.