पहिलारूंचा बाप

दुसऱ्या दिवशी बैठकीत, मुलींच्या दुधावरून क्रम लावलेली वळूंची यादी मांडायची होती आणि दुपारी दूध मोजणाऱ्या काकांचा फोन आला. शिरूरकडच्या गावांत महिन्यातून एकदा ते सकाळ-संध्याकाळच्या धारा मोजत फिरतात. "साहेब, तो शेवटून दुसरा टाकलाय ना, त्याच्या पोरी मी दर महिन्याला बघतो. कासा बघा एकेकीच्या. कायतरी गडबड हाय."

कास बघून वळू ठरत नाही. बैल स्वतः दूध देत नाही, म्हणून त्याच्या मुली वेगवेगळ्या गोठ्यांत वाढू द्यायच्या, व्याल्या की प्रत्येकीचं ३०५ दिवसांचं दूध धरायचं आणि त्यावरून बापाची पारख करायची. पण काका उगाच बोलणारे नव्हेत. नोंदी उघडल्या. त्या वळूच्या जवळपास सगळ्या मुली पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या! पहिल्या नंबरच्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या कित्येक वर्षं आधीपासून वापरात, त्यामुळे त्याच्या मुली तिसऱ्या-चौथ्या वेतात. आणि यादीत दोघांची सरासरी सरळ शेजारी-शेजारी मांडलेली.

पहिलारू गाय स्वतःच अजून वाढत असते. खाल्लेलं काही दुधाला जातं, काही अंगाला. तिसऱ्या वेताला गाय खरी दुधावर येते, हे कुठलाही शेतकरी सांगेल. हिशेबात याला वयाचा गुणक लागतो. कपाटात एक जुना तक्ता होता, अमेरिकेतल्या होल्स्टीन जातीच्या गायींचा: दोन वर्षांच्या वयात व्यालेल्या गायीचं दूध साधारण १.३ ने गुणा. आमच्या संकरित कालवडी व्यायला तिसरं वर्ष उलटतं. त्यांना तो गुणक लावला तर दूध फुगणारच.

"आपल्याच नोंदींतून काढू," सहकारीण म्हणाली. "तिसऱ्या वेताची सरासरी भागिले पहिल्याची."

मेख इथेच होती. पहिल्या वेतात कमी दूध दिलेली गाय बाजाराचा रस्ता धरते. तिसऱ्या वेतापर्यंत उरतात त्या निवडक, म्हणजे त्या भागाकारात वयाबरोबर विक्रीही मिसळते आणि गुणक वाजवीपेक्षा मोठा येतो. बरं, टिकलेल्या गायींचीच दोन्ही वेतं जोडीने घेतली, तर उलटं होतं. त्यांतल्या काहींना पहिल्या वेताला चारा-पाणी, हवामान सगळं जुळून आलेलं असतं. पुढच्या वेताला तो योग नसतो, आणि वाढ खरीपेक्षा कमी दिसते. शेवटी आम्ही वेगळा गुणक काढायचा नाद सोडला. गोठा, ऋतू, वय, वेत आणि वळू एकाच गणितात घातले. विकलेल्या गायींची पहिली वेतंही ठेवली. ती काढून टाकायची खोड फार जणांना असते.

रात्री उशिरा यादी आली. काकांचा वळू मधल्या फळीच्या थोडा वर. त्यांना तो पहिला यायला हवा होता, ते झालं नाही. पहिला तिसऱ्यावर घसरला.

बैठकीत एक शेतकरी आपल्या गायीचा कागद घेऊन उठला. "मोजलेलं दूध एवढं, आन् शेजारी तुमचं वाढवलेलं. हे वरचं डेअरीत कोण घेनार?" हशा झाला. मी म्हटलं, दादा, ते चौथ्या वेतातल्या गायीशी बरोबरी करायला आहे.

"मग त्या चौथ्या वेतातलीचं कमी करा की!"

यावर उत्तर नव्हतं, कारण तो बरोबर होता. सगळ्यांना पूर्ण वाढलेल्या गायीच्या मापाने मोजा किंवा पहिलारूच्या, वळूंचा क्रम तोच राहतो. पुढच्या यादीपासून आम्ही पहिल्या वेताचं माप धरलं. बैठक मात्र काकांच्या त्या वळूच्या कांड्या आणखी मागवायच्या की नाही, यावर जेवणाच्या वेळेपर्यंत भांडत राहिली.